डोळ्यातली चुनकळी

प्रिय आबा,

तुम्ही गेल्याला वरीस होईल. पत्र लिहायची पाळी यावी असं काही घडू नये, असंच वाटत होतं. पण काल मंठ्याच्या आपल्या भट्टीवर, भाजलेल्या कळीवर पाणी घालून चुना विरवताना, धाकट्या दगडूच्या दोन्ही डोळ्यांत कळी उडाली. उद्या सकाळी डॉक्टर पट्टी सोडणार.

आई तुपाची वाटी घेऊन धावत आल्ती. आपल्या घरचा रिवाजच तो! कळीला पाणी लागलं की ती उकळते, म्हणून डोळ्यात पाणी न्हाई, तूप घालायचं. मी तिला बाजूला सारलं, दगडूला आडवा केला आन् घागरीमागून घागर डोळ्यांवर ओतली. आई ओरडत व्हती, "मारतोस का रं भावाला?"

आबा, मी बराबर केलं ना?

आठवतं का, मी जालन्याच्या शाळेतून सुट्टीला आल्तो आन् तुम्ही विचारलं, "भट्टीत दगड हलका होतो. कोण चोरतं रं?" मी सांगितलं, "चुनखडीत एक वायू कोंडलेला असतो. जाळ लागला की तो उडून जातो, कळी राहते. पाणी मिळालं की तिचा चुना होतो. भिंतीला लागला की चुना हवेतून तोच वायू परत घेतो आन् दगड होतो. जर्रे तेच, जोडीदार बदलतात!" मास्तर उर्दूत शिकवायचे, अणूला जर्रा म्हणायचे. तुम्ही म्हणालात, "मंग ह्यांची लग्नं कोण लावतं?" किती हसलात!

त्याच मास्तरांनी हेही शिकवलं होतं, की कळी थेंबभर पाण्यानं तापते, पण घागरभर पाणी तिला थंड करून धुऊन नेतं. तुमच्या डोळ्यात कळी गेली तेव्हा मला हे ठाऊक होतं. तरी उंबऱ्यात गप उभा राहिलो. मोठ्यांना कोण शिकवणार, हा धाक! तुमचा डोळा गेला. पण तुम्हीबी कधी विचारलं न्हाई, आबा, "तुझं पुस्तक काय म्हणतं?"

आता दुसरीच धास्ती आहे. दगडूला दिसलं न्हाई, तर दोष माझा, तो मी घेईन. पण दिसलं तर? आई अडाणी असंल, खुळी न्हाई. तिला लगेच कळंल, की आबांचाही डोळा वाचला असता, आन् तूप तिनंच घातलं व्हतं.

भट्टीपाशी भरलेला रांजण कायम ठेवीन, एकेका मजुराला शिकवीन. अन् आईनं विचारलं तर म्हणेन, "आबांच्या डोळ्यात गेली ती कळी लई कडक व्हती, तिच्यापुढं पाणीबी चाललं नसतं." साफ खोटं आहे हे. पण तिच्यापुढं जन्मभर हेच सांगत राहीन.

तुमचा थोरला,
किसन