रिझेम्बलला ‘टू’ लागत नाही

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा कागदावर घातलाय तोच खरा समजा.) तुमची दाढ, तुमचं ब्लडप्रेशर आणि वरच्या मजल्यावर दुपारभर फर्निचर सरकवणारे ते गृहस्थ, सगळं आपापल्या जागी असेल अशी आशा करते. मी बरी आहे. दोन वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून ‘आता हिला काय हवंय?’ असं तुम्ही म्हणाला असालच. काही नको. सहज लिहितेय.

हे गेल्यावर मी गाव बदलून नोकरी धरली, हे तुमच्या कानावर आलं असेल. बसस्थानकात हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी आहे, तिच्या आतल्या बाजूला मी बसते. लोक येतात आणि आपापलं काय हरवलं ते सांगतात. छत्र्या, डबे, एकाच पायाचे बूट (दुसऱ्या पायाने माणूस घरी कसा गेला हे मी विचारत नाही), एकदा तर कवळी. ती न्यायला कुणी आलंच नाही. किंवा आलंही असेल, पण काय हवंय ते सांगता आलं नसेल. परमुलखातले प्रवासी पुष्कळ, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. त्यासाठी साहेबांनी एक वाक्य लिहून भिंतीवर चिकटवलंय: ‘डझ इट रिझेम्बल युवर्स?’ म्हणजे, ही वस्तू तुमच्या वस्तूसारखी दिसते का? वाक्य चांगलं आहे, फक्त ते माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे.

तर एक दिवस एक जाडजूड गृहस्थ काळी बॅग शोधत आले. मी आतून एक बॅग आणली. चेन तुटलेली, पोट बाहेर आलेलं, एका अंगाला कललेली. आणि मान वळवून भिंत वाचायचा कंटाळा केला. म्हटलं, ‘यू आर रिझेम्बलिंग टू धिस बॅग.’ गृहस्थांनी बॅगेकडे पाहिलं. मग स्वतःच्या कोटाकडे, ज्याची मधली दोन बटणं लागत नव्हती. दुर्दैव असं की साम्य खरंच होतं. त्यांनी तक्रारवहीत पाऊण पान लिहिलं आणि साहेबांनी माझं नाव शनिवार दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं.

हा वर्ग ड्रायक्लिनिंगच्या दुकानाच्या वर भरतो. खालून सतत गरम वाफेचा वास येतो, आणि तासाभरात आपल्यालाच कुणी इस्त्री करतंय असं वाटू लागतं. सर निवृत्त आहेत आणि प्रत्येक दोन शब्दांनंतर इतके थांबतात की आम्ही त्यांना स्वल्पविराम म्हणतो. माझ्या शेजारी एक बसड्रायव्हर बसतात. त्यांना इंग्रजी येतं, पण फक्त शिव्या. स्वल्पविरामांनी माझ्यावरची तक्रार ऐकून घेतली आणि अख्खा तास ह्या एका क्रियापदावर घेतला. म्हणाले, ‘रिझेम्बलला पुढे, “टू” लागत नाही. मागे, “इंग” लागत नाही. ह्याला, कुणाची, सोबत लागत नाही.’ सगळ्यांनी लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मनात म्हटलं, त्या क्रियापदाला विचारलंय का कुणी?

घरी सराव करायचा होता. आता घरी मी, एक खाट आणि एक नळ. नळाशी इंग्रजी बोलून पाहिलं, तो आपला टपटपत राहिला. तेव्हा म्हटलं, शेजारी जाऊ. समोरच्या दारातली बाई ह्या इमारतीत एकटीच मला ‘कशा आहात?’ विचारायची. जिन्यात ती बाळाला घेऊन उभी होती, शेजारी एक पुरुष. मी बाळाचा गाल धरला आणि ‘टू’ न लावता, ‘इंग’ न लावता, अगदी चोख म्हणाले, ‘द बेबी रिझेम्बल्स द फादर!’ आणि बोट त्या पुरुषाकडे केलं. व्याकरणात एक चूक नव्हती, वन्सं. तो घरमालक होता, एवढंच. तेव्हापासून ते दार माझी चाहूल लागली की आधीच बंद होतं. (‘कशा आहात?’ला मी रोज ‘बरी आहे’ एवढंच म्हणायचे. पण ते म्हणायला मिळायचं, हे आता कळतंय.)

गेल्या शनिवारी प्रत्येकाने घरातल्या माणसावर एक वाक्य लिहून वाचून दाखवायचं होतं. ड्रायव्हरनी वाचलं, माझा मुलगा त्याच्या आईसारखा दिसतो, देवाची कृपा. सगळे हसले. मग माझी पाळी. मी वाचलं, ‘माय सिस्टर-इन-लॉ रिझेम्बल्स माय हजबंड.’

स्वल्पविराम खूश झाले. म्हणाले, ‘उत्तम. आता हेच, भूतकाळात, करा.’

मी म्हटलं, ‘सर, भूतकाळात नवरा गेलाय. नणंद आहे.’

ते थांबले. नेहमीसारखे नाही, खरंच थांबले. मग म्हणाले, ‘मग वर्तमानकाळच बरोबर आहे बाई.’ आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य एका दमात पुरं झालं. ड्रायव्हरनी खिशातून पेपरमिंट काढून माझ्या वहीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आता मूळ गोष्ट लिहून टाकते. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, मी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेले. दोन दिवस तुम्ही राहिलात, मी तुमच्याशी बोलले ते भांड्यांकडे बघत. तुम्हाला वाटलं, भाऊ गेला तशी नणंद नकोशी झाली. तुम्ही रागावून गेलात आणि मी जाऊ दिलं. पण दारात तुम्ही उभ्या होतात ना, तेच कपाळ, तीच हनुवटी, डाव्या बाजूला जरा झुकलेला तोच खांदा. एक क्षण मला वाटलं, सगळे चुकले होते. आणि मग तुम्ही ‘वहिनी’ म्हणालात. तुमच्याकडे पुन्हा बघायची माझी छाती झाली नाही, एवढंच होतं हो ते. मराठीत हे सांगायला मला दोन वर्षं शब्द सापडला नाही.

दाढ जपा. गरम पाण्याच्या गुळण्या करा.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र वाचून लगेच यायच्या भानगडीत पडू नका. खोली लहान आहे, खाट एकच, आणि जिना तुमच्या ब्लडप्रेशरला झेपायचा नाही. मला इथे मुळीच एकटं वाटत नाही.

ता. क. २. वरचा ता. क. खोटा आहे. या. मी खाली झोपेन. फक्त मी तुमच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले तर ‘काय बघतेस?’ म्हणून विचारू नका. बघू द्या.