जाणारा दीड हजारावर, येणारा दोन हजारावर

मंगळवार, ९ मार्च

वाचले! दोघंही वाचले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालंय आज.

सकाळी साडेनऊला धाकटा आणि चिमणी उडाले. माझा भाऊ आणि माझी भाची — बाप शिकवतोय, लेक शिकतेय. कारखान्याच्या धुराड्यावर पोचतात तोच समोरून दातांचा डॉक्टर त्याचं नवं पांढरं विमान घेऊन आला. डोक्यावरूनच गेला म्हणे. धाकट्याने दांडा पुढे रेटला आणि नाक खाली घातलं, म्हणून आज मी हे लिहितेय. चिमणी म्हणाली, "आत्या, त्याच्या टायरवरची नक्षी दिसली मला!" हसली, आणि मग भिंतीला धरून ओकली. बावीस वर्षांची पोर!

आमचं हौशी वैमानिकांचं मैदान, टॉवर नाही की रडार नाही. रेडिओच्या खोलीत मी, आणि भिंतीवर बाबांनी रंगवलेला नियम: धुराड्यावरून जाणारा दीड हजार फुटांवर, येणारा दोन हजारावर. मध्ये पाचशे फूट मोकळे. शेंबड्या पोरालाही कळेल! दातवाला खाली आलाच कसा?

उतरल्यावर म्हणतो, "माझ्या तबकडीवर दोन हजारच होते." धाकटा म्हणाला, "मग फेकून द्या ती तबकडी!" मग दातवाला माझ्याकडे वळला — "बाई, तुम्ही दाब हजार पंधराच सांगितलात ना?" हवेचा दाब मी रोज सकाळी फळ्यावर खडूने लिहिते, रेडिओवर विचारील त्याला सांगते. तो आकडा लावला की उंचीची तबकडी खरं बोलते, नाहीतर थापा मारते. मी म्हटलं, "हजार पाच. फळ्यावर आहे, बघा जा." गेला. बघून आला. बाकावर बसून राहिला.

सव्वीस वर्षं ही खुर्ची सांभाळतेय. मागे एकदा आमच्या विमानांच्या मिस्त्रीने सगळ्यांच्या देखत रेडिओवर माझी चूक काढली होती, आणि चूक त्याचीच निघाली. महिनाभर बोलले नाही त्याच्याशी. तेव्हापासून कुणाची टाप नाही.

रविवारी मैदानावरच्या सगळ्यांची सभा. दातवाल्याला मैदान बंद करायचं, असं धाकटा म्हणतोय. करायलाच हवं.

बुधवार, १० मार्च

नळवाला येऊन नळ बसवून गेला. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ११ मार्च

मिस्त्रीने दातवाल्याची तबकडी उघडून तपासली. "ताई, ठणठणीत आहे. उगाच उघडायला लावली." आणि उभाच राहिला, फडक्याला हात पुसत. मी म्हटलं, "काय बघतोस? कामं नाहीत का?" बिचारा काही बघतही नसेल. चोराच्या मनात चांदणं!

लिहूनच टाकते. इथे तरी.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातला नळ फुटला. घोटाभर पाणी. चादरी कोंबल्या, बादल्या लावल्या, मैदानावर पोचायला सव्वानऊ. खुर्चीत टेकते न टेकते तोच दातवाल्याचा आवाज — "बाई, दाब?" मान वळवली, फळ्यावरचं वाचलं, सांगितलं. हजार पंधरा.

तो सोमवारचा आकडा होता.

पहाटे हवा पालटली होती, दाब दहाने उतरला होता. दहा म्हणजे तीनशे फूट. त्याची तबकडी दोन हजार दाखवत होती आणि तो बिचारा सतराशेवर उडत होता. त्यातून धाकट्याचं विमान हवेच्या धक्क्याने शंभरेक फूट वर उचललं गेलं. ते कुणाचंही जातं, म्हणून तर बाबांनी पाचशे फूट सोडले! त्यातले तीनशे मी खाल्ले.

आरडाओरडा झाला तेव्हा मी उठले आणि फळा पुसला. खरा आकडा लिहिला. नकळत झालं असं लिहिणार होते. नकळत नाही. खडू हातात होता तेव्हा सगळं कळत होतं. भाऊ आणि भाची धावपट्टीवर पांढरेफटक उभे, आणि ही बया फळा पुसतेय!

शुक्रवार, १२ मार्च

धाकट्याला तीनदा फोन लावला. तीनदा "जेवलास का?" विचारून ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, किती जेवू?" पण हसला नाही. हल्ली माझ्याकडे नीट बघतही नाही. घाबरलाय अजून, दुसरं काय.

चिमणी विमानाला हात लावत नाही. "त्यांना हाकला आत्या, मग उडते. ते आकाशात असताना नाही."

दुपारी दातवाला आला. दारातच उभा. बसा म्हटलं तर बसेना. "बाई, मीच चुकलो असेन. तुम्ही सव्वीस वर्षांच्या, मी दोन महिन्यांचा. चोपन्नाव्या वर्षी उडायला शिकलो, हौस होती. ती फिटली. विमान विकून टाकतो, सभेत तमाशा नको." दुसरं मैदान दोनशे किलोमीटरवर आहे, आणि आमच्याकडून हाकललेल्याला तिथे कोण उभं करील? मग खिशातून एक कागद काढला. उडताना मांडीवर ठेवतात त्या वहीचा. त्यावर त्याच्या अक्षरात: १०१५. "हा आकडा मी कुठून आणला, कोण जाणे," म्हणाला. कागद माझ्या टेबलावर ठेवून गेला.

माझ्या शब्दाखातर माणूस स्वतःच्या हातच्या अक्षरावर विश्वास ठेवेना! लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, १३ मार्च

कागद फाडायला तीनदा घेतला. फाडला नाही.

सकाळी दाब दोनदा तपासला. मग पुन्हा एकदा. फळ्यावर लिहिला, पुसला, तोच पुन्हा लिहिला. मिस्त्री म्हणाला, "ताई, बरं नाही का?" म्हटलं, "बरी आहे. तू आपलं काम कर." आणि मग त्याला चहा करून दिला. घाबरला तो!

बोलले तर खुर्ची जाणार. गेली तर मी दिवसभर करू काय? आणि चिमणी? ती माझं तोंड बघेल का? पण नाही बोलले तर एका निर्दोष माणसाच्या पायाखालचं मैदान जातं. आणि पुढच्या वेळी पुन्हा मीच त्या खुर्चीत — मागे कालचा आकडा, आणि कुणाची टाप नाही!

रविवार, १४ मार्च, सकाळ

वही सोबत घेतेय. तो कागदही. तोंडाने सांगायला गेले तर मी कारणं देत बसेन, नळाचंच पुराण लावेन. त्यापेक्षा वाचून दाखवते.

रविवार, संध्याकाळ

गुरुवारचं पान वाचलं. दातवाला खाली मान घालून बसला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी म्हटलं, खुर्ची सोडते.

तेव्हा धाकटा उठला. "ताई, मला ठाऊक होतं. माझाही रेडिओ चालू होता. तू हजार पंधरा म्हणालीस, ते मी ऐकलं. मी तबकडी जमिनीवरच मैदानाच्या उंचीला लावून निघालो होतो, तिच्यावर दाब हजार पाच दिसत होता; चूक तिथल्या तिथे कळली. पण सगळे ऐकत असतात गं. चारचौघांत तुला कसं टोकायचं? म्हटलं, माझं मी बघून घेईन."

त्यावर बोलली ती चिमणी, आणि माझ्याशी नाही.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी तुमच्या शेजारी बसले होते."