परग्रहवासीयांचा सूर्यास्त

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे नमस्कार अर्ध्यात अडकला आहे, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे, तुझं शिलाई मशीन आणि तुझा स्वभाव, तिन्ही फारशी कुरकुर न करता चालत असतील असं धरून चालतो.

प्रथम तक्रार. अत्यंत खेदपूर्वक कळवावं लागतं की, तू दुकानातून पाठवलेल्या कोटाच्या काळ्या बटणांच्या पुडीवर तुझ्याच अक्षरात 'बारा' असं लिहिलेलं असून आत अकराच निघाली. पुडी साक्षीदारासमक्ष उलटी करून झटकली. तू म्हणशील, एका बटणानं काय आभाळ कोसळतं? ताई, तुझ्या दृष्टीनं ते बटण. माझ्या दृष्टीनं ती परग्रहवासीयांच्या आरमाराची पिछाडी होती. आता त्यांची पाठ उघडी पडली, आणि या पापाचा वाटा तुझ्याकडे.

तुझी भाची बारा तारखेला नोकरीसाठी चालली, हे तू जाणतेसच. दोन विमानं बदलावी लागतील इतकी लांब. ती नऊ वर्षांची असताना कांजण्या झाल्या म्हणून तिला रिझवायला मी पुठ्ठ्याची सात अंतराळयानं कापली होती. तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर काळी चादर पसरून आम्ही बापलेक लढतो. ती माणसांकडून, मी परग्रहवासीयांकडून. फासे टाकायचे, शिंप्याच्या टेपनं अंतर मोजायचं, याची तोफ त्याला लागली की नाही यावर भांडायचं. पण लढाई मांडायची नेहमी तिनंच. म्हणजे कोण कुठं उभा, कोणाला काय हवंय, किती फेऱ्या, जिंकलं कशाला म्हणायचं, हे सगळं. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी मला म्हणाली, "बाबा, जाण्याआधीची लढाई तू मांड. चौदा वर्षं मीच मांडतेय, तू नुसता हरतोस." मी हो म्हणून बसलो. येता रविवार शेवटचा. फसली तर दुरुस्त करायला पुढचा रविवार नाही, एवढी एकच गोष्ट उशाशी घेऊन मी तीन आठवडे झोपतोय. (झोपतोय हा शब्द इथे औपचारिक आहे.)

आता माझा धंदा तुला ठाऊक. छापखान्यात औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद तपासणारा मी मनुष्य. नियम लिहायला बसलो तर पहिल्या तीन पानांवर इशारेच उतरले. ते फाडले. मग लहानपणीच्या संस्कृत शाळेचं भूत मानगुटीवर बसलं. मनात आलं, परग्रहवासी झाले म्हणून ते रानटीच कशाला हवेत? त्यांचाही काही युद्धधर्म असेल. म्हणून नियम केले की त्यांनी आधी दूत पाठवावा. ज्याच्या तोफा निकामी झाल्या त्याच्यावर तोफ डागू नये. पाठ फिरवलेल्यावर वार करू नये. आणि सूर्यास्तानंतर युद्ध थांबवावं. नियम इतके सुबक, इतके अल्पाक्षरी उतरले की मी ते मोठ्यानं वाचले. तुझ्या भावजयीनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण गेलं?

शनिवारी भाची बाहेर गेलेली पाहून शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना चाचणीसाठी बोलावलं. भला माणूस, कोणाचंही तोंड उघडं राहिलेलं त्यांना सहन होतं. पहिल्या तीन फेऱ्या माझे दूतच ये-जा करत होते. चौथ्या फेरीत डॉक्टरांनी आपली सगळी यानं वळवून माझ्याकडे पाठ केली. मला काहीच करता येईना. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "अहो, एक शंका. अंतराळात सूर्य मावळतो कधी?" मी म्हटलं, ते मांडणाऱ्यानं ठरवायचं. "मग आत्ताच मावळू द्या," म्हणाले, "मला दवाखाना उघडायचाय."

दुसरा मसुदा धर्म बाजूला ठेवून केला. माणसांचं एक मोठं जहाज, पोटात चारशे वसाहतवाले. आठ फेऱ्यांत टेबलाच्या भिंतीकडच्या कडेपासून खिडकीकडच्या कडेला पोचून बाहेर पडलं की माणसं जिंकली. परवा डॉक्टर पुन्हा आले. आठवी फेरी संपली तेव्हा जहाज कडेपासून वीतभर अलीकडे उभं, इंधन संपलेलं. माझ्या एकाही बटणानं तोफ डागली नव्हती. पुन्हा खेळलो, पुन्हा वीतभर. टेबल सहा फुटी, इंधन सव्वापाच फुटांचं! दुसऱ्यांचे स्वल्पविराम पकडून पोट भरणाऱ्या मला तीनदा वाचूनही हे दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "परग्रहवाले हवेत कशाला? या बापड्यांना अडवायला तुमचं गणित पुरेसं आहे."

तेवढ्यात भाची आली. हातात अर्धी भरलेली बॅग. टेबलाकडे पाहिलं, माझा कागद ओढला, कानामागची पेन्सिल काढली.

"बाबा, इंधन कमी दिलंयस."

"एवढं लागतं?"

"लागतं रे."

तिनं आकडा बदलला. डॉक्टर गेल्यावर आम्ही तासभर मजेत भांडलो, बाजूच्या तोफांना मागे वळता यावं की नाही यावर. ती उठून गेली, तशी तुझ्या भावजयीनं विचारलं, तिकडे खोली मिळाली का तिला? सोबत कोण? चूल वेगळी की सामाईक? ताई, तिच्या डाव्या तोफेचा पल्ला बोटाच्या पेरापर्यंत सांगू शकलो असतो. तेरा तारखेपासून ती कुठे झोपणार, ते विचारलंच नव्हतं.

असो. पत्र लांबलं. मेहुण्यांना माझा नमस्कार आणि त्यांच्या मिशीला वेगळा. उत्तराची घाई नाही.

तुझा धाकटा

ता. क. घाई आहे. रविवारच्या आत पाठव.

ता. क. दुसरा. तू आणि भाची फोनवर पाऊण पाऊण तास बोलता. दार लावलेलं असतं, आतून हसू ऐकू येतं. मला मत्सर नाही (तो सहावा रिपू, मी अजून चौथ्या, मोहाशीच झटतोय). पण काय बोलता, तेवढं लिहून पाठव. आठ-दहा विषय चालतील. कुठला आधी काढायचा आणि ती गप्प झाली तर काय करायचं, तेही.

ता. क. तिसरा. लढाई ठीक होईल गं. तीच जिंकेल, तिला जमतं. मला धास्ती आहे ती त्यापुढच्या रविवारची. दुपारी मी फोन लावीन, ती उचलेल, "जेवलीस का" विचारून होईल, आणि मग मला काही सुचणार नाही.