बिल्ल्याची चुंबळ

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार. बालाघाट.
माधुरी गेली पुण्याले. दिवाळीची सुटी संपली पोरीची. जाता जाता एक काम गळ्यात मारून गेली. लोखंडी बिल्ला. साखळीत अडकवलेला, त्यावर नंबर कोरला आहे. विलायतेतल्या कोण्या बाईनं सोडला म्हणे. लोकं जागोजागी डबे लपवून ठेवतात, दुसरे लोकं हातात यंत्र घेऊन ते हुडकतात. हा बिल्ला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाते. ज्याले भेटला त्यानं कुठं कुठं फिरवला ते कम्पुटरवर लिहायचं. माधुरीले पुण्याच्या टेकडीवर भेटला. त्या बाईची इच्छा काय, तर बिल्ल्यानं जगातल्या खाणी पाह्यच्या.
"आई, भरवेलीची खाण सोडून कुठं नेऊ याले? तू फिरव. जुनं जे असन ते लिहून ठेव. मी टाकीन कम्पुटरवर."
म्हटलं, रिकामे धंदे. पण घेतला. तिचा छोटा क्यामेरा पण ठेवून गेली.
हे म्हणाले, "चौथी पास बाई इतिहास लिवनार!"
म्हटलं, "तुमी दहावी नापास, तुमी काय लिवलं आतापर्यंत?"
गेले पान खायला.

१५ नोव्हेंबर, गुरुवार
लालबर्ऱ्याले गेली, नणंदेकडं. बिल्ला पर्समधे. वैनगंगेच्या पुलावर बस थांबली, पुढं धानाच्या बैलगाड्या अडल्या होत्या. खिडकीतून बिल्ला धरून फोटो काढला. पाणी आलं, बिल्ला नाही आला. दुसरा काढला.
शेजारची बाई विचारते, "तावीज है क्या?"
म्हटलं, "हौ. बिना काम के सवाल पूछनेवालों से बचाता है."
ती सरकून बसली.
लालबर्ऱ्याचं जुनं काय लिहू. राइस मिल झाल्या नव्हत्या तवा घरोघर बाया धान कांडत. नणंदेच्या सासूचं उखळ अंगणात आहे अजून, त्यात तुळस लावली. माधुरीले हे बी इतिहासात चालन का, विचारायचं.

१८ नोव्हेंबर, रविवार. भरवेली.
भावाकडं गेली. माय त्याच्याकडंच राहते. आधी खाणीच्या गेटवर. चौकीदार पोरगा म्हणे, अंदर जाना मना है.
म्हटलं, "बेटा, माझी माय इथं तुझ्या बापाच्या जन्माच्या आधीपासून अंदर जात होती."
"तो माँ को भेजो."
तोंडाचा तेज आहे. गेटबाहेरूनच फोटो काढला. मागं मँगनीजच्या मालाचा काळा ढीग आला, चांगला आला.
मायले बिल्ला दाखवला. सगळं समजावलं. म्हटलं, तुझा फोटो काढतो याच्यासंग, तुझं नाव सांगतो, वर्षानुवर्षं डोक्यावर मँगनीज वाह्यलं ते सांगतो. जगभरचे लोकं वाचतीन.
मायनं बिल्ला पलंगावर टाकला. "हमाली केली म्या. ते काय जगाले सांगाचं असते? नातीले पुण्यात लोकं नाव ठेवतीन. नाई पायजे."
"काहून नाई पायजे? चोरी केली काय तू?"
"तुले कळत नाई. नाई म्हनलं ना."
भांडूनच निघाली. चहा पण नाही घेतला. रस्ताभर डोक्यात तेच. हात काळे घेऊन घरी यायची, आंघोळ करून मगच आम्हाले शिवायची. आम्ही तिघं भावंडं त्याच हातानं मोठे झालो. आता ते लपवायचं?

१९ नोव्हेंबर
माधुरीचा फोन. तिनं कम्पुटरवर लिहिलं ते वाचून दाखवलं. भरवेलीची खाण इंग्रजांच्या काळातली, फार खोल, फार मोठी, असं काय काय. चांगलं लिहिते पोरगी.
म्हटलं, "अन खोदली कोणं?"
"आई, सांगितलं ना, इंग्रजांनी..."
"इंग्रजानं टोपलं उचललं होतं काय डोक्यावर?"
मग म्हणे, "तू सांग, मी लिहितो. आजीचं नाव टाकू?"
टाक म्हणणार होती. जीभ आवरली. बुढीनं नाही म्हटलं आहे. तिच्याकडून हौ आणल्याबिगर मी बी...

२५ नोव्हेंबर, रविवार. उकवा.
सखूमावशीकडं गेली, मुद्दाम. ही मायच्या टोळीत होती भरवेलीले, मग नवऱ्याची बदली उकव्याच्या खाणीत झाली तशी इकडं आली. बैहरच्या बसमधे उभ्यानंच आली, घाटात दोन पोरं ओकले. बिल्ला वाचवला, चप्पल नाही वाचली.
मावशी अंगणात तूर निवडत होती. बिल्ला पाहून हसली. "एवढासा? याले खाण दाखवतं का वं?"
मग बोलायले लागली, थांबेच ना. मी मधे मधे लिहिलं.
खाणीत नवीन बाई आली का पह्यल्या दिवशी तिनं आपली चुंबळ आपण नाही वळायची. जुन्या बाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून, वळून, तिच्या डोक्यावर ठेवायची. मग टोपलं. ज्या बाईची चुंबळ, ती तिची जामीन. नवी दमली, पडली, मुकादम ओरडला, तर जुनीनं मधे पडायचं.
"तुह्या मायनं देल्ली मले. मी पोटुशी व्हतो. मुकादम म्हने, चाल घरी. तुही माय म्हने, हिचं टोपलं मी भरीन, कमी पडलं त मले बोल. कितीक जनीले देल्ली तिनं. पाह्यलं नाई का, तिच्या लुगड्याले पदरच नव्हता राह्यत."
मी म्हणत होती, माय पदर एवढा आखूड का घेते. लहानपणी मले लाज वाटे. दुसऱ्याच्या माया डोक्यावरून पदर घेत, आमची...
"मावशी, तुह्यं नाव टाकू कम्पुटरवर?"
"टाक ना! अन फोटो बी. थांब, तोंड धुवून येतो."
ही पाहा अन माझी माय पाहा.

२ डिसेंबर, रविवार. भरवेली.
आल्या आल्या वही काढली, आनंदानं.
रात्री जुन्या लुगड्याची चिंधी फाडून बिल्ल्याएवढी चुंबळ वळली. बोटभर. साखळीत अडकवून मायसमोर ठेवली. सखूमावशीनं सांगितलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, हा बी नवाच आहे, खाणी पाह्यला निघाला. याले कोणी जामीन पायजे.
मायनं चुंबळ हातात घेतली. उलटी केली.
"हे काय वळलं? दोन पावलांत सुटन हे. टोपलं पायावर पडन. कोनं शिकवलं तुले?"
"तूच नाही शिकवलं."
"बरं केलं. शिकाले तुले खाणीत जावं लागलं असतं."
अन सगळी उकलून टाकली माझी चुंबळ. सुनेले म्हणे, माही पेटी आण. आतून हिरवं लुगडं काढलं, विरलेलं, नेसायचं बंदच केलं ते. दातानं टोक तोडलं, टर्रकन पट्टी फाडली. पाणी लावलं. पीळ देल्ला, आत मुडपला, पुन्हा पीळ. डोळ्यानं दिसत नाही नीट, पण बोटं! एकदाही अडकली नाही. भाऊ तोंड उघडं टाकून पाहून राह्यला. त्यानं बी कधी पाह्यलं नव्हतं.
मी हळूच फोटो काढले. तोंड नाही घेतलं. नुसते हात.
"हाताचा काढला," सांगितलं तिले.
"हाताचं काय, हात सगळ्यांचे सारखेच." मग बिल्ला उचलून, "कवा जाऊन राह्यला तो?"
नावाचं नाही विचारलं. आज नाही विचारवलं.

२६ डिसेंबर, बुधवार
माधुरी आली. काल बिल्ला सोडून आलो. बैहरच्या पुढं, कान्हाच्या वाटेवर, रस्त्याकडेच्या मोरीजवळ. माधुरीच्या हातात मोबाइलएवढं यंत्र, त्यावर बाण फिरते. ती बाणाकडं पाहून चालली अन बेशरमाच्या झाडात घुसली. मले समोर दगड रचलेला दिसत होता. बाईमाणसाले चूल मांडलेली कळते. दगड काढला, मागं डबा. आत कागद, एक नाणं, रबराचं बेडूक. एवढ्यासाठी लोकं समुद्र ओलांडतात!
माधुरीनं बिल्ला ठेवला. साखळीतली मायची चुंबळ नीट वर केली, दबायले नको. कागदावर नावं लिहायची असतात. तिनं तिचं लिहिलं, मी माझं लिहिलं, खाली भरवेली.
"आजीचं?"
"तिनं हौ नाही म्हटलं."
"आई, तू कधीपासून लोकाले विचारायला लागली?"
लई बोलते.
परत येतानी बसमधे खिडकीशी बसली. चुंबळ माझ्या मायची, जाते कुठं कुठं. खाणीच्या गेटाच्या आत मले जाऊ देल्लं नाही, ती आता कोणत्याही गेटाच्या आत जाईन.

१३ जानेवारी २००८, रविवार. भरवेली.
माधुरीचा फोन आला म्हणून लगेच निघाली, मायकडं.
त्या विलायतेतल्या बाईनं माधुरीनं कम्पुटरवर टाकलेले फोटो पाह्यले. चुंबळीचं वाचलं. तिनं लिहिलं आहे, माझा आजा कोळशाच्या खाणीत होता, म्हणून मी बिल्ला सोडला. बिल्ला परत आला का चुंबळ काढणार नाही, तशीच ठेवीन. अन विचारलं, हे हात कोणाचे? त्या बाईचं नाव काय? बिल्ल्याच्या पानावर सगळ्यात वर लिहायचं आहे.
मायले सगळं सांगितलं. या वेळी भांडली नाही मी. गप बसून राह्यली. मले ते जमत नाही, पण बसली.
मायनं सुपारी फोडली. तोंडात टाकली.
"आजा खाणीत व्हता म्हनते?"
"हौ."
"अन आजी? ते काय करे?"
"ते नाही लिहिलं तिनं."
"काहून नाई लिवलं?"
म्हटलं, मले काय माहीत.
"तिच्या आजीचं नाव इचार आधी. काय काम करे, ते इचार. तिनं सांगतलं का मंग माहं सांगजो."
"सांगू ना मग? नक्की?"
"पह्यले तिचं येऊ दे."
माधुरीले लगेच फोन लावला. म्हणे, आत्ता लिहितो आई, आत्ताच.
माय दोनदा विचारून गेली, आलं काय.