गाळलेला खोकला

३ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोन करत नाही. फोनवर मला ओरडावं लागतं आणि ओरडताना मुद्दा सुटतो. म्हणून कागद.

खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी तुमचं संकेतस्थळ उघडून दिलं. पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्याचा तुम्ही विद्यार्थ्यांनी केलेला नकाशा चांगला आहे. शेडवर बोट ठेवलं की तिथे राबलेला माणूस बोलू लागतो, ही कल्पना पटली. अक्षरं गिरवणारं कुणी ती पेन्सिल कुठून येते हे विचारत नाही, आता विचारतील. शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडल्या आहेत. पीएचडी करणाऱ्यांना शोभत नाहीत.

मग पेन्सिलीचा दगड कापतात त्या कापणीच्या शेडवर बोट ठेवलं आणि दादा बोलू लागला. ठमे, हा कोण माणूस आहे? आवाज त्याचा, शब्द त्याचे, तरी हा माझा भाऊ नव्हे. शेवटी शेवटी त्याला सलग वाक्य बोलता येत नव्हतं. दोन शब्द, मग उबळ, मग रुमाल, मग पुन्हा एखादा शब्द. इथे तर तो बातम्या दिल्यासारखा बोलतोय. तू स्वतः तुझ्या बापासमोर बसून हे ध्वनिमुद्रण केलंस. त्याचा खोकला कुठे ठेवलास?

उत्तर पत्रानेच दे. रागावले आहे, पण माया आटलेली नाही, हे धरून चाल.

तुझी
आत्या


९ जून

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

शुद्धलेखनाचा कागद आमच्या विभागातल्या खोलीत भिंतीवर लावला आहे. माझ्यासोबत काम करणारा संगणकवाला येता-जाता त्याला हात जोडतो.

खोकला मी काढला. आधी ऐकून घे, मग बोल. ध्वनिमुद्रणं स्वच्छ करावीच लागतात. पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, रस्त्यावरचे भोंगे. संगणकवाल्याने त्यासाठी प्रोग्राम लिहिला आणि नको असलेले आवाज कोणते, ते मी निवडून द्यायचे होते. त्यात मी खोकला आणि धापही घातली. प्रोग्रामने ती सगळ्या कामगारांच्या बोलण्यातून काढली आणि मधली रिकामी जागा सांधून टाकली. ऐकणारे अर्ध्यावर उठून जाऊ नयेत, एवढाच विचार होता. मार्गदर्शक बाईही म्हणाल्या, आता कसं कानाला बरं वाटतं.

आणि खरं सांगू? बाबा गेल्यापासून त्यांचं मुद्रण मला ऐकवत नव्हतं. सुरू करायचे आणि बंद करायचे. स्वच्छ केल्यावर पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. ते बरे झाल्यासारखे वाटले गं. लोकांनीही त्यांना असंच ऐकावं असं वाटलं, धापा टाकताना नको.

मूळ मुद्रणं विभागात जपून ठेवलेली आहेत. पण प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा आहे. आता सगळं उलटं फिरवलं तर वर्ष हातचं जाईल. एवढं चालवून घे ना.

गुडघ्याला शेक देत जा. लाडक्या भाचीवरचा लोभ या एका कारणाने कमी करू नकोस.

तुझी
ठमी


१६ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

काल दादाच्या सोबत्यांबरोबर चौकशी समितीपुढे गेले होते. कापणीच्या धुळीनेच छातीचा आजार झाला, असं समितीने लिहून दिलं तर हयात कामगारांना इस्पितळात उपचार मिळतील. नाहीतर दारातूनच परत. कारखान्याचं म्हणणं, धुळीचा काही संबंध नाही.

त्यांच्या वकिलाने टेबलावर संगणक ठेवला, तुमचं संकेतस्थळ उघडलं आणि दादाला लावलं. म्हणाला, या गृहस्थाने जन्म त्या शेडमध्ये काढला आणि मरणाआधी हे असं एका दमात बोलतोय, मग धुळीने छाती जाते म्हणता ती कुणाची? पाठोपाठ बाकीचे आवाजही लावले. ती माणसं मागच्या बाकांवर बसून स्वतःलाच ऐकत होती.

बाहेर आल्यावर त्यांतल्या एकाने मला विचारलं, बाई, तुमच्या पोरीने आम्हाला परस्पर बरं केलं की काय? आपल्याच विनोदाला हसला, आणि मग बराच वेळ भिंत धरून उभा राहिला.

तू हे मायेपोटी केलंस, हे मला कळतं. त्या माणसांना त्याचा काय उपयोग? एका बापाला बरं करताना त्याच्या सगळ्या सोबत्यांना तू खोटं पाडलंस.

पुढची सुनावणी २९ला आहे. काय करायचं ते सांगणार नाही. तुला मी शिकवलेलं नाही, पण वाढवलेलं आहे.

जेवणाची हेळसांड नको. आशीर्वाद आहेतच.

आत्या


२१ जून

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं.

संकेतस्थळ बंद केलं आहे. मार्गदर्शक बाईंनी बजावलं की, मुद्रणात फेरफार केल्याचं समितीला लिहून दिलंस तर ते परीक्षकांपर्यंतही जाईल, आणि सगळा प्रबंधच त्या मुद्रणांवर उभा आहे. तो परत येणार हे धरून चाल. मी लिहून दिलं. संगणकवाला आधी तडकला, त्याचीही मेहनत पाण्यात जाते आहे. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि मूळ मुद्रणं एकेक करून जुळवायला लागला.

२९ला ती घेऊन येते. बाबांचं मूळ मी अजूनही पूर्ण ऐकलेलं नाही, तिथेच ऐकेन. तू माझ्या शेजारी बसू नकोस. तू दिसलीस की मी रडेन.

पाठीवर हात असू दे, लांबून का होईना.

ठमी


३० जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

काल तू समितीकडे तोंड करून बसली होतीस. मागे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

खोकला नको असलेला आवाज म्हणून मीच निवडला, चूक यंत्राची नाही, माझी, असं तू म्हणालीस. मग दादा सुरू झाला. नमुन्यापुरतं पुरे, असं वकील म्हणाला आणि अध्यक्षबाईंनी सगळं चालू द्या म्हटलं.

कामगार सकाळपासून तोंडाला रुमाल लावून बसले होते. साहेबलोकांसमोर खोकायचं कसं, म्हणून दाबून. दादाला पहिली उबळ आली तेव्हा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने रुमाल खाली घेतला. मग त्याच्या शेजारच्याने. मग बाकांमागून बाक. दादा शब्द शोधायला थांबला की तेही गप्प होत. तो खोकला की तेही खोकत. शिपाई शांत राहा म्हणायला पुढे आला आणि तसाच उभा राहिला.

तुला वाटलं असेल, सगळा आवाज यंत्रातून येतोय. निम्मा खोलीतला होता.

निकाल काय लागेल, कुणास ठाऊक. तुझं वर्षही गेल्यात जमा आहे, त्याबद्दल खोटा धीर देत नाही. पण हे तुमच्या कुठल्याच मुद्रणात आलेलं नाही. नव्या प्रबंधात घाल, आणि कुणी पुरावा मागितला तर हा कागद पुढे कर. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सही करते.

तुझी आत्या,
मागच्या बाकावरून