बेदाण्यात लपवलेला तुकडा

इंदिरानगर, नाशिक
मार्च २००७

चिरंजीव भारत, आईचा आशीर्वाद घे.

मी धडधाकट हाय. तुझी लेक तेजस्विनीबी बरी हाय, जरा वाळलीय एवढंच. रविवारी पाहुणे तिला बघायला यायचेत, घेऊन ये म्हणालास. मी आणणार नाय.

काल तिनं मला अंबडच्या कारखान्यात नेलं. तिथं ती आपण बेदाणे भरतो त्या क्रेटच्या प्लॅस्टिकात पिठाहून बारीक पावडर मिसळते. "आजी, यातला तुकडा लपव," म्हणाली. मी काळा तुकडा काळ्या बेदाण्यात घातला. जन्मभर बेदाणे निवडले, पण माझाच तुकडा मला सापडेना. बेदाणे निवडायच्या मशीनच्या दिव्याखाली तो काजव्यागत चमकला नि मशीननं बाजूला उडवला. मग मी खोडी म्हणून माझ्या फणीचा दात टाकला, तो मशीनला दिसलाच नाय, बेदाण्यातच राहिला. "त्यात आमची पावडर नाय ना," पोरगी हसली.

गेल्या साली क्रेटच्या असल्याच तुकड्यापायी आपला बेदाण्याचा माल परत आला, तेव्हा तू जेवला नव्हतास. त्यावरच ती इलाज करतेय, नि तू तिला साडी नेसवून पाटावर बसवतोस?

पावडर नाकात जाऊ नये म्हणून मी तिला फडकं बांधायला लावलंय. सूनबाईचा, छायाचा गुडघा कसा हाय?

पाहुण्यांना सांग, पोरगी बघायची तर कारखान्यात या. पोहे मी करीन, तिला वेळ नाय.

तुझी आई,
ठमाबाई