दहा हजार फुटांवरचं पाणी

१४ ऑगस्ट २००४, कोलोरॅडो
मार्थाबाईंनी माझं नाव पक्कं केलं. (माझ्या प्रोफेसर. नुसतं मार्था म्हण, असं तीनदा म्हणाल्या, जीभ वळत नाही.) डोंगरातल्या तळ्यात बुडी मारून तळाजवळचं पाणी मीच आणायचं. थीसिस त्यावरच. ऑक्टोबरअखेर तळं गोठतं.

घरी फोन. आप्पांचं पंक्चरचं दुकान, त्यामुळे पहिला प्रश्न, "टाकीत हवा किती?" तीन हजार पौंड, मी म्हणाले. आप्पा: "ट्रकला शंभर पुरते गं." मग, "आम्ही ट्यूब पाण्यात बुडवतो ती भोक शोधायला. तू कशाला?"

घरातली पहिली पदवीधर मी. "पाणी आणायला," म्हटलं.

मागून आई: "उतरण्याआधी डोक्याला खोबरेल थाप. गारठा शिरत नाही."

लावणार. याविरुद्ध कुठे काही वाचलेलं नाही.

२२ ऑगस्ट
पहिली बुडी. वर हवा विरळ, म्हणून आदला दिवस तिथेच तंबूत. डोकं ठणकलं. तेल चोपडलं. रॉब (पाण्याखालचा माझा जोडीदार, एकटीनं उतरायचं नाही) हवेत नाक फिरवत म्हणाला, "कुणी केक भाजतंय का?" मी बाटल्या मोजायला लागले.

मास्क गालावरून सारखा सटकत होता. एका हातानं दाबून धरायचा, मग त्याच हातानं बाटल्या उघडायच्या. चाळीस फूट खाली हिरवा उजेड, आणि इतकी शांतता की

नंतर लिहीन.

१२ सप्टेंबर
तिसरी बुडी. तेल नेहमीप्रमाणे. मास्कचा पट्टा इतका आवळला की डोळ्यांभोवती गोल वळ. रूममेट शलाका म्हणते, घुबड.

२० सप्टें.
पाणी तपासायच्या यंत्राच्या आलेखात एक उंच टोक आलं. लॉरिक ॲसिड. तळ्यात असायचं काही कारण नाही. बाईंनी खुर्ची मागे सारली. "ते बनवणारं नवीन शेवाळ असेल. पेपर लिहू. तुझं नाव पहिलं."

बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले. आप्पांना कळवलं. "ॲसिड? हात जपून गं."

२४ सप्टें.
शलाका नागपूरची, केमिस्ट्रीची. भात ढवळताना तिला शोध सांगितला. तिनं डाव खाली ठेवला.

"लॉरिक? यार, आपल्या बाथरूमच्या फळीवर अर्धा लिटर आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं तेच असतं."

जेवण गेलं नाही.

"सांगू नको कोणाला. शेवाळाचं डोकं कोण हुंगायला जातंय?"

२७ सप्टें.
सांगितलं. बाटलीच घेऊन गेले. बाईंनी झाकण उघडून वास घेतला.

"प्रत्येक बुडीच्या आधी?"
"आई म्हणाली होती."

प्रयोगशाळेत हे वाक्य फारच बारीक आवाजात निघतं. सगळे नमुने बाद. गोठण्याआधी पुन्हा आणायचे, नाहीतर थीसिस वर्षभर पुढे. वर्षभर पुरेल एवढी शिष्यवृत्ती नाही. घरी बोलले नाही.

९ ऑक्टो.
सहा वेळा शाम्पू, एकदा भांड्यांचा साबण. केसांची केरसुणी झालीये. पण मास्क पहिल्यांदाच घट्ट बसला आणि तळ पहिल्यांदाच नीट दिसला. काठाला बर्फाची किनार धरलीये. बाटल्या भरून आणल्या.

१५ ऑक्टो.
निकाल. टोक आहेच. लहानसं, पण आहे.

बाई कागद उजेडात धरून म्हणाल्या, "हे तळं, की तू?"

दोघींनाही ठरवता येईना. शेवटी त्यांनी रॉबला बोलावलं. रॉब पूर्ण टकला आहे. उद्या तो उतरणार, दुसऱ्या एकाबरोबर. मी काठावरही यायचं नाही. अर्धा मैल खाली गाडीत बसायचं, काचा बंद करून.

त्याच्या बाटलीत टोक आलं, तर शोध माझा. नाही आलं, तर केस माझे.

आता रॉबचा फोन: वर सकाळपासून बर्फ पडतोय, रस्ता उघडा राहिला तर जाऊ. खिडकीतून डोंगर दिसतच नाहीये.